हात आणि हातोटी : कपाटातले वीर

गणपती तोंडावर आले की या सदराकडे शाडूचे आणि रंगांचे प्रश्न येतात. यंदा मात्र ढीगभर पत्रं ॲक्शन फिगरवर, म्हणजे हलत्या सांध्यांच्या वीर-बाहुल्यांवर, आली आहेत, तेव्हा शाडूवाल्यांनी पुढच्या अंकापर्यंत दम धरावा. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते, की मी इथल्या, बडोद्याच्या, फाइन आर्ट्सला मूर्तिकाम शिकले आणि पोट भरलं मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, प्लास्टिक ओतायच्या डायसाठी (पोलादी साच्यांसाठी) नमुने कोरून. बाटलीच्या झाकणापासून खेळण्यातल्या हत्तीपर्यंत सगळं केलंय. त्यामुळे या विषयावर मला मतं आहेत, आणि ती जरा जास्तच आहेत.

काकू, माझा मुलगा सव्वीस वर्षांचा, चांगल्या नोकरीत. पगार झाला की एक बाहुला घरी येतो. परवाचा सहा हजारांचा होता आणि उंची सहा इंच. म्हणजे इंचाला हजार! काही बोललं की म्हणतो, "आई, स्कल्प्ट बघ ना, मूर्तिकाम!" मला तर रंगवलेलं प्लास्टिक दिसतं. त्यात बघायचं काय, ते तुम्हीच सांगा.
– एक आई, मांजलपूर

अहो ताई, इंचावर किंमत लावायची ठरवली तर आपल्या म्युझियममधल्या निम्म्या धातुमूर्ती चिल्लर ठरतील. असो. रविवारी मुलगा घरी असताना ती फिगर त्याच्याकडून मागून घ्या. न विचारता उचलू नका, घरात महाभारत होईल. जेवणाच्या टेबलावर उभी करा, ट्यूबलाइट बंद करा आणि मोबाइलचा टॉर्च एका बाजूने, जवळजवळ आडवा धरा. रंग मागे पडतात, नुसते उंचवटे आणि खळगे उरतात. मूर्तिकाराचं काम तेवढंच. रंग पुढच्या माणसाचा.

आता चेहरा सोडून द्या. सगळे आधी चेहराच बघतात आणि तिथंच फसतात, कारण हल्ली डोळे-भुवया छापील असतात आणि छपाई फार चांगली झाली आहे. मी पायापासून बघते. माणूस एका पायावर भार देऊन उभा राहिला की त्या बाजूची कंबर वर जाते, त्याच बाजूचा खांदा खाली उतरतो आणि गळ्याच्या खळगीतून सोडलेला ओळंबा त्या पायाच्या घोट्याशी येतो. कॉलेजात आम्हाला मॉडेलसमोर खरोखरच दोऱ्याला वजन बांधून हे बघायला लावत. मुलाची फिगर या कसोटीला लावा. कंबर कलली आहे पण खांदे सपाट राहिलेत, असं दिसलं तर मूर्तिकाराने पाय वेगळे केले, धड वेगळं केलं आणि शेवटी दोन्ही चिकटवलं. कंबरेबरोबर पाठीच्या कण्याची खाचही वळली असेल, तर त्याने आधी मनात माणूस उभा केला, मग हात लावला.

हे तयार डोळ्याने बघायचं असेल तर कमाटीबागेत जा. १९५१ मध्ये अकोट्याला जैन धातुमूर्तींचा मोठा साठा सापडला, अडुसष्ट मूर्ती. उमाकांत शहांनी त्यांचा अभ्यास केला आणि आज त्या बागेतल्या म्युझियममध्ये आहेत. त्यांतली चामरधारिणी शोधा. साधारण आठव्या शतकातली आहे. ती ज्या सहजपणे एका बाजूला झुकून उभी आहे, त्या झुकण्यात कंबर, छाती आणि मान तीन वेगळ्या दिशांना जातात आणि तरी ती पडेल असं क्षणभरही वाटत नाही. मग जीवंतस्वामींसमोर, म्हणजे राजवेशातल्या महावीरांसमोर, उभ्या राहा. तिथं कायोत्सर्ग आहे, दोन्ही पायांवर सारखा भार, हात खाली सोडलेले. म्हणजे दुकानातल्या डब्यात फिगर जशी ताठ उभी असते, अगदी तशीच मुद्रा. पण तिथे ताठरपणा शोधूनही सापडत नाही. खांदा दंडात आणि छाती पोटात अशी मिसळत जाते, की कुठे एक संपतं आणि दुसरं सुरू होतं ते बोटाने दाखवता येत नाही. मुद्रा साधी असली म्हणून काम साधं होत नाही, हे तुमच्या मुलालाही सांगा. नाट्यमय उड्या मारणाऱ्या फिगरमागे बरेच संग्राहक विनाकारण धावतात.

दुसरी गोष्ट लहान मापाची. सहा इंची फिगर म्हणजे माणसाचा साधारण बारावा हिस्सा. खऱ्या माणसाचा डोळा तीन सेंटीमीटर रुंद धरला तर इथे अडीच मिलीमीटर मिळतात. शर्टाची खरी चुणी हिशेबाने बारा पट लहान केली तर ती दिसणारच नाही, वर रंगाचा थर बसून जी काय उरली असेल ती बुजते. म्हणून चांगला मूर्तिकार मापाशी इमान सोडतो. नाटकातला मेकअपवाला जसा शेवटच्या रांगेसाठी भुवया जाड काढतो, तसा तो डोळ्याची खोबण खोल करतो, ओठांमधली फट रुंद करतो, चुण्या कमी घेतो पण खोल घेतो. किती चुण्या गाळल्या यावर त्याची अक्कल कळते. ज्याला गाळता येत नाही तो सगळं कोरून ठेवतो, आणि फिगर खरूज झाल्यासारखी दिसते. १९९४ मध्ये टॉड मॅकफार्लेन या कॉमिक्सच्या चित्रकाराची खेळण्यांची कंपनी निघाली आणि पुढे शिवण, चामडं, जखमा, सगळ्याचा पोत कोरायची लाट आली. त्यातून काही अफाट कामं झाली. पण त्या लाटेने नुसत्या पोतालाच कला समजणारी एक पिढीही तयार केली, हे मी सांगितल्याशिवाय राहणार नाही.

पूर्वी हे काम मेणात किंवा मातीत दुप्पट मोठं करत, त्याचा रेझिनचा ठसा घेत आणि पॅन्टोग्राफ (आकार लहान करून उतरवणारं यंत्र) लावून निम्म्या मापात पोलादी डाय कापत. आता बहुतेक जण संगणकावर झीब्रशसारख्या प्रोग्राममध्ये करतात. तो १९९९ मध्ये आला. हत्यार बदललं, पण कंबर कुठं वळवायची हे प्रोग्राम सांगत नाही.

आणि किंमत? प्रत्येक तुकड्यासाठी पोलादात पोकळी कोरावी लागते, चित्रपटवाल्यांना हक्काचे पैसे द्यावे लागतात, वर जकात. खेळण्यांवरची आयात जकात २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० झाली आणि २०२३ मध्ये ७०. सहा हजारांतले मूर्तिकाराच्या हातात किती पडतात ते न विचारलेलं बरं. पण डबा फेकण्याआधी त्यावरची बारीक अक्षरं वाचा. जपानी कंपन्या पुष्कळदा मूळ नमुना घडवणाऱ्याचं नाव छापतात. काइयोदोच्या बोमे नावाच्या मूर्तिकाराचं काम लोक त्याच्या नावाने ओळखतात आणि विकत घेतात. माझा हत्ती हजारो घरांत गेला असेल, त्याच्या पोटाखाली फक्त डायचा नंबर आहे.

ज्याचे सांधे जास्त ती फिगर भारी, असं माझा मित्र म्हणतो. मला त्या भेगा बघवत नाहीत. कोण बरोबर?
– कॉलेजकुमार, प्रतापनगर

मित्र मोजतोय, तुम्ही बघताय. मी तुमच्या बाजूला आहे, पण सगळी नाही.

पुतळा घडवणाऱ्याला एकच मुद्रा सांभाळायची असते. फिगर घडवणाऱ्याचे मात्र तुकडे करून मग माणूस दाखवायचे हाल असतात. कोपर सरळ असतानाही दंड खरा वाटला पाहिजे, वाकवल्यावरही. हे दोन्ही पूर्ण साधत नाही. कुठं तडजोड करायची तेच कसब. १९६४ मध्ये हॅस्ब्रो या अमेरिकन कंपनीने पहिला जी. आय. जो हा सैनिक-बाहुला काढला. बारा इंचांच्या आसपासचा, एकवीस हलणारे भाग. पण त्याला कापडी गणवेश होता, भेगा झाकल्या जात. १९८२ मध्ये मॅटेलचा ही-मॅन आला. त्याच्या अंगावर कपडे जवळजवळ नाहीत, म्हणून उलटा मार्ग घेतला. सांधे मोजके, आणि गुडघे किंचित वाकलेली, मारायला निघाल्यासारखी मुद्रा कायमची कोरून टाकली. वर तेच धड नि तेच हातपाय वापरून डोकी बदलली, की नवा पहिलवान तयार. डाय महाग असतात, काय करणार! तरीही त्या बुटक्या, रुंद देहात जोर आहे, हे आज चाळीसेक वर्षांनीही नाकारता येत नाही.

आताची सहा इंची फिगर घ्या. कोपर आणि गुडघ्याला दुहेरी सांधे, मान नि खांद्याला गोळीचे सांधे. काहींत छातीच्या आतही एक सांधा असतो, हात पुढे आणून दोन्ही हातांनी तलवार धरता यावी म्हणून. बघायचं ते एवढंच की छेद कुठं घेतलाय. बाहीच्या कडेला, पट्ट्याखाली, गुडघ्याच्या ढालीमागे घेतला असेल तर डोळा तिथे अडखळत नाही, कारण तिथे रेघ अपेक्षितच असते. उघड्या अंगाच्या वीरात लपायला जागा नाही. तिथे हुशार माणूस स्नायूच्या हद्दीवरून कापतो, खांद्याचा गोळा जिथे दंडात शिरतो नेमका तिथून. आळशी माणूस मात्र काकडीसारखा आडवा कापतो. अलीकडच्या बऱ्याच फिगरमध्ये सांध्याची खीळही बाहेरून दिसत नाही, आणि ही सुधारणा मला कुठल्याही नव्या सांध्यापेक्षा जास्त मोलाची वाटते.

मित्राला एक काम सांगा. फिगरचा हात काटकोनात वाकवून बाजूने बघायचं. दंडाची बाह्यरेषा कोपरावरून हातात उतरताना सलग राहिली तर सांधा मूर्तिकाराने बसवला आहे. तिथे खड्डा पडला तर इंजिनियरने. (इंजिनियर वाचकांनी पत्रं पाठवू नयेत, माझे यजमानही तेच आहेत.)

माळ्यावर ट्रंकेत माझे शाळेतले जी. आय. जो सापडले, फनस्कूलचे. एकाचे कंबरेतून दोन तुकडे झालेत, एक चिकट झालाय, एक पिवळा पडलाय. कचऱ्यात टाकायचे का?
– एक बाबा, कारेलीबाग

खबरदार! फनस्कूल १९८७ ची, एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांच्या भागीदारीतून निघालेली. तिचे भारतीय जी. आय. जो अमेरिकेतल्यांपेक्षा कधी वेगळ्या रंगांत निघत, आणि त्याच चमत्कारिक रंगांसाठी परदेशातले संग्राहक ते शोधतात.

दोन तुकडे झालेला बहुतेक मेलेला नाही. पावणेचार इंची जी. आय. जोच्या पोटात रबराची एक कडी असते आणि तिच्या ताणावर कंबर, पाय, धड एकत्र राहतात. रबर जुनं झालं की तुटतं. पाठीवरचा छोटा स्क्रू काढा, धड उघडेल, जुन्या कडीचे तुकडे घेऊन नळाच्या सामानाच्या दुकानात जा आणि त्याच मापाची ओ-रिंग मागा. स्क्रू परत बसवताना पिळू नका. फक्त आधी मांड्यांमधला तुकडा आणि अंगठे शाबूत आहेत का ते बघा, या फिगर तिथेच मोडतात.

उघडलाच आहे, तर मूर्तिकामही बघा. पावणेचार इंचात छातीवरचे खिसे, पट्ट्याची बकलं, बुटांच्या घड्या कुठे आहेत ते निरखा. शाळेत असताना बघितलं नसेल, तेव्हा त्यांना गच्चीवरून खाली फेकायची घाई असते.

चिकटपणा म्हणजे पीव्हीसी मऊ राहावं म्हणून घातलेलं द्रव्य बाहेर झिरपतंय. कोमट पाणी, भांड्याचा साबण, मऊ ब्रश, एवढंच. थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हर लांब ठेवा, रंग जाईल आणि काही प्लास्टिक विरघळेल. धुतल्यावर हवाबंद पिशवीत कोंडू नका. पिवळेपणा बहुधा उन्हाचा, तो नीट जात नाही. इंटरनेटवरचे रासायनिक उपाय मला पटत नाहीत. आणि पुन्हा माळ्यावर नको. मे महिन्यात बडोद्याच्या माळ्यावर पापड वाळतात, तिथे पीव्हीसीचे पाय वाकणारच. आधीच वाकले असतील तर गरम पाण्यात, उकळत्या नव्हे, मऊ करा, सरळ धरा आणि गार पाण्यात बुडवा.

रस्त्यावर तीनशेला मिळणारी आणि दुकानातली चार हजारांची, दोन्ही लांबून सारख्याच. नक्कल ओळखायची कशी?
– रावपुऱ्यातला एक ग्राहक

नक्कल करणारा बऱ्याचदा असलीवरूनच साचा घेतो. प्लास्टिक थंड होताना आकसतं, म्हणून नक्कल केसभर लहान निघते, कडा गोल होतात, बोटांमधल्या फटी बुजतात. म्हणून बोटं, कान आणि केसांची टोकं बघा. साच्याचे दोन भाग मिळतात तिथली रेघ नखाला टोचत असेल तर ठेवून द्या. मजा म्हणजे पहिल्या जी. आय. जोच्या उजव्या अंगठ्याचं नख चुकून आतल्या बाजूला कोरलं गेलं होतं. कंपनीने ते तसंच राहू दिलं, कारण त्यावरून नकलाकार पकडता येत. गालावरचा व्रणही त्याच कामाला आला.

मला फिगर घडवायला शिकायचंय. अकरावीत आहे. क्लासवाले म्हणतात थेट संगणकावर शिक. मातीत हात घालण्यात वेळ जाईल का?
– एक विद्यार्थिनी, वाघोडिया रोड

जाईल. जाऊ दे.

संगणकावर आकार फिरवता येतो, पण त्याचं वजन कळत नाही, आणि डावी बाजू केली की उजवी आपोआप होते. खरा चेहरा दोन बाजूंनी सारखा नसतो, हे मातीत लगेच कळतं. आधी तारेचा सांगाडा कर. उंचीचं माप डोक्यात मोज. साधा माणूस साडेसात डोकी, वीर आठ किंवा थोडा जास्त. त्यावर गणपतीवाले वापरतात तो शाडू चढव. शाडू वाळून तडकतो, म्हणून ठेवायचं काम पॉलिमर मातीत कर. ती घरच्या ओव्हनमध्ये १३० अंशांच्या आसपास भाजते, फक्त खिडकी उघडी ठेव आणि त्याच दिवशी केक करू नकोस. आपल्याकडचे हौशी लोक एम-सील वापरतात. स्वस्त आहे, दगडासारखं होतं, पण पटकन घट्ट होतं, म्हणून एका वेळी थोडंच कालव आणि हातमोजे घाल.

चेहऱ्यापासून सुरुवात करू नको. पाऊल कर. नंतर हात, नंतर कान. या तिन्हींत मूर्तिकार उघडा पडतो. पाऊल सपाट केलंस तर फिगर उभी राहील पण जमिनीवर टेकलेली वाटणार नाही.

आणि आपण कुठं राहतो ते विसरू नको. लक्ष्मी विलास राजवाड्यात फेलिची या इटालियन मूर्तिकाराची कामं आहेत, सयाजीरावांनी त्याला बोलावून करवून घेतलेली. ब्राँझ, संगमरवर, टेराकोटा, तिन्ही. वही घेऊन जा आणि एकाच मूर्तीची चार बाजूंनी चित्रं काढ. फाइन आर्ट्स १९५० मध्ये सुरू झालं आणि शिल्प विभागाची घडी शंखो चौधुरींनी बसवली. तिथल्या वार्षिक प्रदर्शनाला जाऊन मुलांशी बोल. कुणी "खेळणी करायचीत?" म्हणून नाक मुरडलंच तर त्याला सहा इंची फिगरचा एक हात करून दाखवायला सांग, पाचही बोटं सुटी. संगणक त्यानंतर शिक. ब्लेंडर नावाचा प्रोग्राम फुकट मिळतो आणि मातीत घट्ट झालेला हात तिथे फार लवकर रुळतो.

नातवाने ठरवलंय की यंदा गणपतीच्या आरासीत त्याचे सगळे सुपरहिरो उभे करायचे. सूनबाईंचा पाठिंबा आहे, सौभाग्यवती संतापल्या आहेत. निकाल द्या.
– आजोबा, दांडिया बाजार

आजोबा, दांडिया बाजाराने आरासीत आगगाडी पाहिली, चंद्रावरचं यान पाहिलं, त्यामानाने हे बरंच सात्त्विक आहे. आजींना माझा नमस्कार सांगा आणि एक अट घाला. मूर्तीच्या पुढे कुणी नाही, सगळे मागे आणि बाजूला, मखराच्या पायऱ्यांवर, तोंडं बाप्पाकडे. मूर्ती बसलेली असली तरी तिचं माप मोठं असतं, सहा इंची वीर मागे गेले की आपोआप लहान दिसतात आणि आरासीला खोली येते. उभे करताना प्रत्येकाचा भार एका पायावर द्या, नाहीतर दरबाराऐवजी रेशनची रांग दिसेल.

फोकस दिवे त्यांच्या अगदी जवळ लावू नका, उष्णतेने घोटे मऊ होतात आणि तिसऱ्या दिवशी सगळे पुढे झुकतात. निरांजन आणि कापूर लांब. केप कापडी असतील तर फारच लांब. आणि उत्तरपूजा झाली की मूर्ती हलवण्याआधी नातवाला यादी घेऊन बसवा. एखादा निर्माल्याच्या पिशवीत गेला तर त्याची समजूत काढायला मी येणार नाही.